खंडेनवमीला न्हालेला राउटर

मी कोल्हापुरात बसून दुबईतल्या एका फ्रीजचं दार लावलेलं आहे. घरमालक गावाकडं लग्नाला आलेला. मांडवातच मोबाईलवर त्याला तिकडच्या स्वयंपाकघरातला उघडा फ्रीज दिसला आणि त्यानं तिथल्या तिथं मला फोन लावला. मी त्याच्या कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून असा काही ओरडलो, की हादऱ्यानंच दार धाडकन लागलं. आमच्या गल्लीत हे कुणी खरं मानत नाही. पण ज्यानं माझा आवाज ऐकलाय तो शंका काढत नाही, एवढंच सांगतो.

संपादकांचा निरोप आहे, की धंद्याबद्दल लिहा पण बेतानं लिहा. तर आता बेतानं. मी आधी केबलवाला होतो, मग नेटवाला झालो, आता कॅमेरेवाला आहे. इकडं पन्हाळ्यापासून तिकडं नृसिंहवाडीपर्यंत माणसांना देवानं जेवढे डोळे दिलेत, त्याच्या दुप्पट मी भिंतींना बसवलेत. त्यामुळं गिऱ्हाइकंही सगळ्या वाणांची बघितली. पन्हाळ्यावरच्या एका लॉजवाल्यानं भर पावसाळ्यात फोन केला, "दत्ताभाऊ, तुमचा कॅमेरा मेला. नुसतं पांढरं दिसतंय."

म्हटलं, "खिडकी उघडून बाहेर बघा."

गेला, परत आला. "बाहेर बी पांढरंच हाय की!"

"मग कॅमेरा जिता हाय. धुकं गेलं की फोन करा."

एका तालमीत वस्तादांनी दुधाच्या घागरीवर कॅमेरा लावून घेतला, कारण दूध रोज कमी व्हायचं. कॅमेरा लागला तरी दूध कमी होतच राहिलं आणि चित्रात चोर काही दिसेना. रोज ठरल्या वेळी नुसता अंधार व्हायचा. वस्ताद म्हणायचे, लाईट जातीया. शेवटी मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा कळलं. चोर पैलवान एवढा रुंद होता, की तो घागरीकडं निघाला की कॅमेऱ्यापुढं सगळा त्याचाच दंड!

पण कॅमेरा काय, कुणीही बसवतो. भिंतीला भोक पाडता आलं की झालं. ह्या धंद्यातलं खरं कसब पुढं आहे. लांबच्या घरातलं यंत्र हरवलं, की त्या घरी न जाता ते शोधून काढायचं. आता यंत्र जागेवरच असतं हो, हरवतो तो त्याचा पत्ता. आयपी पत्ता म्हणतात तो. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे मी पंगत मांडतो.

असं बघा. प्रत्येक घराला नेटच्या जगात बाहेरून एक पत्ता असतो, तो नेटची कंपनी देते. घराच्या आत राउटर नावाचा लुकलुकणारा डबा असतो, तो पंगतीतला वाढपी. घरातलं एकेक यंत्र आलं, की वाढपी त्याला पाट दाखवतो, तू इथं बस, तू तिथं. त्या पाटाचा नंबर म्हणजे त्या यंत्राचा आतला पत्ता. बाहेरून कुणी कॅमेऱ्याची चौकशी करत आला, की वाढपी त्याला ठरलेल्या पाटापाशी नेऊन सोडतो. घोळ एवढाच, की वाढपी एकदा झोपून उठला की पंगत नव्यानं बसते. कालच्या पाटावर आज दुसराच कोणी. पावणा बिचारा कॅमेऱ्याला भेटायला आलेला असतो आणि त्याची गाठ टीव्हीशी पडते. म्हणून मी शहाण्यासारखा कॅमेऱ्याचा पाट कायमचा राखीव करून ठेवतो. मग वीज जावो, डबा झोपो, मानकऱ्याची जागा कुणी घेत नाही.

माझी ही पक्की व्यवस्था पेठ वडगावच्या हौसाक्कांनी एका टाचणीत उधळून लावली.

हौसाक्का म्हणजे मळ्यातल्या घरात एकट्या राहणारी बाई. मालक वारलेले, दावणीला तीन म्हशी, एकुलता एक मुलगा संदीप पुण्यात मोटारींच्या कारखान्यात. एका वर्षी आक्का गोठ्यात घसरल्या, पाय कलिंगडाएवढा सुजला, आणि संदीपला त्यांनी ते सांगितलं सूज उतरल्यावर. पोरगा हबकला. पुण्याला चल म्हणून मागं लागला. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे.

आक्का म्हणाल्या, "म्हशींना घेत्यात काय तुझ्या लिफ्टात?"

भांडून भांडून शेवटी तह झाला. तो माझ्यासमोरच झाला, आक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यात. गोठ्यात, सोप्यात आणि मागच्या परड्यात कॅमेरे लावायचे, तिन्हींच्या वायरी कॅमेऱ्याच्या एका डब्यात आणायच्या आणि तो डबा राउटरला जोडायचा. जोवर संदीपला मोबाईलवर आई दिसते, तोवर आई वडगावात. कॅमेरा बंद पडला, की पुण्याची पिशवी भरायची. दोघांनीही मान डोलावली. साक्षीदार मी आणि तीन म्हशी.

आक्कांनी तह पाळला, पण कुरकुरत. एकदा सोप्यातल्या कॅमेऱ्यावर टॉवेल वाळत टाकला, तर पुण्याहून तासाभरात फोन, "पिशवी भर." तेव्हापासून त्या कॅमेऱ्याला जपायला लागल्या. जाता-येता त्याच्याशी बोलायच्या. "संदीप, जेवलास का रं?" तिकडं ऐकू जात नव्हतं, कारण आवाजाची वायर आम्ही जोडलीच नव्हती. मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याला दिसतंय न्हवं मी बोलतीया त्ये? मग झालं."

अशात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीत आहेच. पण आमच्या घरी मंडळींचा कारभार कडक. ज्या वस्तूवर पोट चालतं ती प्रत्येक वस्तू पाटावर. ड्रिल मशीन, पक्कड, शिडी, आणि माझा लॅपटॉपसुद्धा हळदीकुंकू लावून झेंडूच्या ढिगाखाली. एकदा पुजलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मोटारसायकलही हार घालून उभी केलेली. मोबाईल तेवढा पूजेतून सुटला, कारण पूजेच्या वेळी मी त्याच्यावर बोलत होतो.

दुपारी त्याच मोबाईलवर आक्कांचा फोन. आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"दत्तू! संदीपला मी दिसंना झालीया! उद्या गाडी घिऊन येतो म्हणतोय न्ह्यायला. पिशवी भर म्हणला! आरं, ह्या खेपंला मी टॉवेल न्हाय टाकला. म्हशींची आन!"

"आक्का, रडू नका. सकाळपासनं काय काय केलासा ते सांगा."

"काय करणार? पूजा केली. खुरपं पुजलं, कोयता पुजला, वैरणीचं कटर पुजलं. आन त्यो तुझा लुकलुकणारा डबा. त्यो बी वर्सभर राबतोय की! धुळीनं माखलाता. चांगला पुसून काढला."

"पाण्यात बुचकळला न्हाय न्हवं?"

"मी येडी हाय व्हय? वल्या फडक्यानं पुसला. आन मागं एक बारीक भोक हाय बघ, त्यात लई घाण साठलीती. टाचणी घातली आन धरली दाबून. तवा कुठं समदं दिवं इझलं आन परत लागलं. एवढी घाण हुती बघ!"

मी कपाळाला हात लावला. त्या भोकात घाण नसते. आत एक बटण असतं, आणि ते टाचणीनं दाबून धरलं की राउटर सगळं विसरतो. कारखान्यातून काल आल्यासारखा कोरा होतो. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, मला बाहेरून आत जायला ठेवलेली वाट गेली आणि कॅमेऱ्याचा राखीव पाटही गेला. एवढं करून आक्कांनी त्याच्या वायरी काढल्या, सगळी यंत्रं पाटावर मांडून पुजली आणि नैवेद्य झाल्यावर पुन्हा जोडली. कोरा वाढपी, नवी पंगत.

मी लॅपटॉपकडं बघितलं. लॅपटॉप असता तर पंगतीतला प्रत्येक पाट चुटकीसरशी ठोठावून बघितला असता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "हात लावून तर बघा!"

म्हणजे गाडी नाही, लॅपटॉप नाही. एक मोबाईल, वडगावात एक आक्का आणि उद्या पुण्याहून निघणारी गाडी. गडी एकटा आणि आखाड्यात तिघं, अशी कुस्ती. अंगात खुमखुमी आली हो!

आक्कांच्या मोबाईलमध्ये मी पूर्वीच एक सोय करून ठेवलेली आहे. त्यांनी हो म्हटलं, की मी कोल्हापुरातून त्यांच्या पडद्यावर बोट फिरवू शकतो. पण आधी तो मोबाईल घरच्या वायफायवर यायला हवा, आणि नवा पासवर्ड होता राउटरच्या पोटाखालच्या चिकटवलेल्या कागदावर.

"आक्का, डबा उलटा करा. खाली आकडं हायत, त्ये वाचा."

"त्येच्यावर कुंकू हाय."

"पुसा जरा."

 

"लावल्यालं कुंकू पुसत्यात व्हय रं, सणाच्या दिवशी?" आक्का म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता.  मग त्याच म्हणाल्या, "थांब. पुसत न्हाय. बोटानं जरा वर सरकीवते." सरकवलं, आणि आकडे घडाघडा वाचले. डेअरीच्या चिठ्ठीवरची फॅट वाचून ज्यांनी संस्थेच्या सचिवाला घाम फोडलाय, त्यांना आठ आकडे म्हणजे काय!

मोबाईल आत आला. मी राउटरचं पान उघडलं. त्यात कोण कुठल्या पाटावर बसलंय त्याचं एक पान असतं, पण स्वस्तातला माल. बाकीची पानं नीट उघडली, नेमकं तेवढंच पांढरं. पन्हाळ्यासारखं. म्हटलं, ठीक आहे, पाट ठोठावायचं एक ॲप आक्कांच्या मोबाईलमध्येच घालू. तर जागा नाही! सगळा मोबाईल म्हशींच्या फोटोंनी भरलेला.

"आक्का, एक-दोन फोटो काढून टाकू?"

"कुठलं?"

"ही कोण, काळी?"

"काळी कोण न्हाय त्यातली? ती गंगी हाय. ती गेली रं. तिला हात लावू नगस."

गंगीला हात लावला नाही. आता उरलं एकच हत्यार, माझं डोकं. ह्या जातीचा राउटर पहिल्या येणाऱ्याला शंभर नंबरचा पाट देतो, दुसऱ्याला एकशे एक, आणि पुढं तसंच. म्हणजे वायरी कुठल्या क्रमानं जोडल्या ते कळलं, की पत्ता सापडला.

"आक्का, पूजा झाल्यावर आधी काय जोडलंसा?"

"पुजला तसा जोडला."

"आन आधी काय पुजलंसा?"

"हे काय इचारनं झालं? आधी कॅमेऱ्याचा डबा. मान त्येचा. त्यात संदीप हाय न्हवं!"

शंभरला हाक मारली. काही नाही. दार उघडेना. मी परत विचारलं, "आक्का, नीट आठवा. पुजला आधी, पण पाटावरनं उचलला कवा?"

"उचलताना पुढचं आधी उचलायचं की! मानाचा देवाच्या शेजारी, मागं. त्यो शेवटी."

"पुढं काय काय हुतं?"

"टीव्ही. मालिका हुती दुपारची, म्हणून आधी टीव्ही. मंग संदीपचा जुना कॉम्प्युटर. मंग ती इन्व्हर्टरची पेटी. मंग त्यो."

टीव्ही शंभर, कॉम्प्युटर एकशे एक, इन्व्हर्टर एकशे दोन, कॅमेरा एकशे तीन. एकशे तीनला हाक मारली. तिथंही कुणी नाही!  बायको दारात येऊन उभी. "काय झालं? वस्ताद चितपट?"

आणि तेव्हा टाळकं उजळलं. इन्व्हर्टरला नेटची वायर नव्हती, तो वायफायवर होता! टाचणीनं वायफायचं जुनं नाव पुसलं गेलेलं, त्यामुळं तो गडी अजून मांडवाबाहेरच जुन्या नावानं हाका मारत उभा. तो पंगतीत बसलाच नव्हता. मग कॅमेऱ्याचा पाट एकशे दोन!

एकशे दोन दाबलं, आणि आक्कांच्या मोबाईलवर कॅमेऱ्याच्या डब्याचं दार उघडलं. मी अशी आरोळी ठोकली, की आमच्या दारातला हार घातलेला कुत्रासुद्धा (त्याचंही पोट आमच्यावर चालतं, म्हणून तोही पुजलेला) उठून उभा राहिला. लगेच पाट राखीव केला, बाहेरची वाट उघडली, आणि संदीपला फोन लावला. "बघ."

तिकडून उसासा आला. "दिसली काका! वैरण टाकतीया. बरं झालं. मी गाडीत पेट्रोल भरायलाच निघालो होतो. वाचलो. आता उद्या सुट्टीचं निवांत झोपतो."

त्या संध्याकाळी मी ही कुस्ती निदान चार ठिकाणी सांगितली. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत राउटरला आगही लागलेली होती.

दसऱ्याला गाडीचा हार काढला आणि सोनं द्यायला वडगावला गेलो. वाटलं, आक्का ओवाळतील. आक्का सोप्यात बसलेल्या, समोर पुरणपोळ्यांची चळत. चळत म्हणजे, मी बसलो तर आक्का दिसेनात. आतल्या खोलीत पलंगावर नवी चादर, उशाला तांब्या-भांडं.

"ये. सोनं दे," त्या म्हणाल्या. "जेवून जा. लई झाल्यात."

"कोण येणार हुतं?"

"आता कोण येतंय? दिसली न्हवं त्याला मी."

मी पिशवी शोधत होतो. भरलेली पिशवी कुठंच नव्हती. म्हटलं, "आक्का, त्यो न्ह्यायला येणार म्हणून काल तुम्ही रडत हुतासा की!"

"व्हय. न्ह्यायला येणार हुता," आक्का पोळीवर तूप ओतत म्हणाल्या. "पर येणार तरी हुता."

त्या घरात मी पोळ्या किती खाल्ल्या ते सांगणार नाही, खरं सांगितलं तरी तुम्हाला थाप वाटेल. पण एकही गोड लागली नाही. आयुष्यात इतकी यंत्रं शोधली, कुठल्या घरात काय कुठल्या पाटावर बसलंय ते घरी न जाता सांगितलं. त्या दिवशी मात्र समोर बसूनसुद्धा मला आक्कांचा पत्ता लागायला एक ताट लागलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला पुन्हा हत्यारं पाटावर, लॅपटॉप झेंडूखाली. दुपारी फोन. ह्या वेळी संदीपचा. "काका, कॅमेरा बंद आहे. आईला विचारलं तर म्हणते, मला काय कळतंय त्यातलं."

मी आक्कांना फोन लावला. "भोक साफ केलासा?"

"वर्साचा सण हाय. घाण ऱ्हाऊ द्यायची व्हय?"

"मी आत्ता लावून देतो. एकशे दोन. पाठ हाय मला."

"दत्तू," आक्का म्हणाल्या, "तुझी हत्यारं पाटावर हायत न्हवं?"

"हायत."

"मंग कशापाय हात लावतोस? पाप लागंल." आणि फोन ठेवला.

 मी माझा मोबाईल नेऊन लॅपटॉपशेजारी ठेवला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि वर दोन झेंडू टाकले. मंडळी म्हणाल्या, "आज सूर्य कुठं उगवला?"

दसऱ्याला दुपारी वडगावात गेलो तेव्हा दारात पुण्याची गाडी उभी होती. संदीप बनियनवर गोठ्यात शेण काढत होता आणि आक्का दाराशी उभ्या राहून त्याला नावं ठेवत होत्या. "फावडं असं धरत्यात व्हय? कारखान्यात काय धरतोस रं तू?" पोरगा हसत होता. मी राउटरपाशी बसलो. एकशे दोन राखीव, वाट उघडली, काम झालं.

संदीप हात धुऊन आला. "काका, हा बिघाड नेमका खंडेनवमीलाच कसा काय होतो?"

आता मी दुबईचा फ्रीज लावलेला माणूस. म्हटलं, "सणाला नेटवर लई गर्दी होते रे. लोंढेच्या लोंढे येतात. त्या दाबानं राउटरच्या डोक्यावर परिणाम होतो."

त्यानं राउटर उचलून उलटा-पालटा केला. मागच्या बारीक भोकाभोवती कुंकवाचं गोल बोट उमटलेलं होतं. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. मग आईकडं बघितलं. आक्का एकदम पोळीवरच्या तुपात गुंतल्या.

"गर्दी असणार," संदीप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी पिशवी भरली, पुरणपोळ्यांची, आणि ती घेऊन तो एकटाच पुण्याला गेला. जाताना त्यानं राउटर पुन्हा फळीवर ठेवला, आणि शेजारी पडलेली टाचणी उचलून देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यात, सापडेल अशी खोचून ठेवली.